टाळ्या नसलेली मैफल

माझा एक माजी विद्यार्थी गेली काही वर्षे जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी नोकरीनिमित्त राहतो. शाळेत असताना त्याचे लक्ष इतिहासापेक्षा क्रिकेटकडे अधिक असे. पण परदेशी गेल्यावर माणसाला जुन्या मास्तरांची आठवण होते, तशी त्यालाही होते आणि वर्षातून एक-दोनदा तो फोन करतो. एका फेब्रुवारीत असाच त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, काल रात्री एका मैफलीला गेलो होतो. शे-दीडशे माणसे गात होती, तितकीच वाजवत होती. दीड तास चालले. आणि संपल्यावर कुणी एक टाळी वाजवली नाही! सगळे उठून उभे राहिले, काही वेळ तसेच, आणि न बोलता निघून गेले. मी टाळीसाठी हात उचललाच होता. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझा हात हळूच खाली केला. सर, हे असे का?"

मैफल कोणती, हे विचारले तेव्हा त्याने सांगितले, व्हेर्दीचा 'रेक्विएम'. तारीख विचारली, १३ फेब्रुवारी. तारखेवरून अर्धे उत्तर मी तिथल्या तिथे दिले. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र मला बरेच वाचावे लागले, आणि वाचता वाचता दीडशे वर्षे मागे मिलान शहरापर्यंत जावे लागले. त्या वाचनातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो. मी संगीतातला जाणकार नव्हे, इतिहासाचा मास्तर आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

पाश्चात्त्य संगीतातील वृंदगान आपल्या कानाला परके. आपल्याकडे मैफल एकाची, बाकीचे साथीला. पुष्कळ गळे एकत्र येतात ते भजनात, दिंडीत, आरतीत, आणि तिथे सर्वजण एकच सूर धरतात. तिकडे चार प्रकारचे आवाज चार वेगळ्या वाटांनी जातात आणि त्यांचा मेळ बसतो. हा प्रकार आपल्या शेजारी गोव्यात मात्र घरोघरी ठाऊक आहे. तिथल्या चर्चच्या शाळांतून मुले स्वरलिपी वाचायला शिकली आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत बसले. 'रेक्विएम' म्हणजे कॅथलिक चर्चमधील मृतांसाठीची प्रार्थना. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ विश्रांती. शेकडो वर्षांपासून ठरलेले लॅटिन शब्द, आणि त्यांना निरनिराळ्या रचनाकारांनी दिलेले संगीत. मोझार्टचा रेक्विएम त्याच्या मृत्यूमुळे १७९१ साली अपुरा राहिला. व्हेर्दीचा पुरा झाला, परंतु तोही सरळ मार्गाने नव्हे.

१३ नोव्हेंबर १८६८ रोजी पॅरिसजवळ रोस्सिनी वारला. इटलीच्या संगीतातला तो वडीलधारा माणूस. चारच दिवसांनी ज्युसेप्पे व्हेर्दीने आपल्या प्रकाशकाला, रिकोर्दीला, पत्र लिहिले. कल्पना अशी: इटलीतील प्रमुख रचनाकारांनी मिळून एक रेक्विएम लिहावा, प्रत्येकाने एकेक भाग घ्यावा, कुणी मोबदला घेऊ नये. पहिल्या पुण्यतिथीला बोलोन्या येथील सान पेत्रोनिओ चर्चमध्ये तो एकदा गाइला जावा, आणि मग हस्तलिखित मोहरबंद करून तेथील संगीतशाळेच्या दप्तरात ठेवून द्यावे. पुन्हा गाऊ नये, विकू नये. कल्पना मोठी देखणी होती. तेरा रचनाकारांत कामाची वाटणी झाली. शेवटचा भाग, 'लिबेरा मे', व्हेर्दीकडे आला. सर्वांनी वेळेत लिहूनही दिले. आणि मग आपल्याला चांगले परिचयाचे असलेले सर्व झाले. समिती, मानापमान, गायकवृंद कुणी द्यायचा, नाट्यगृहाचा ठेकेदार काय म्हणतो, निवेदक कोण, क्षमस्व, संचालक कोण! पुण्यतिथीला नऊ दिवस उरले असताना कार्यक्रम रद्द झाला. व्हेर्दीने दोष आपला जुना मित्र, वृंदसंचालक मारिआनी याच्या माथी मारला आणि मैत्री तुटली. तेरा जणांची ती रचना दप्तरात पडून राहिली ती १९८८ सालापर्यंत. त्या वर्षी ती प्रथम गाइली गेली, तीही इटलीत नव्हे, जर्मनीतील श्टुटगार्ट येथे. एकशेवीस वर्षांनी भरलेली पुण्यतिथी!

व्हेर्दीकडे मात्र त्याचा तो एक भाग उरला.

आता दुसरा मृत्यू. २२ मे १८७३ रोजी मिलान येथे आलेस्सांद्रो मान्झोनी वारला. वय ८८. त्या जानेवारीत चर्चच्या पायऱ्यांवर पडल्याचे निमित्त झाले होते. हा मान्झोनी कोण, हे सीमाभागातील वाचकाला थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्याची गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळेल.

मान्झोनीचा जन्म १७८५ चा, मिलानचा. घरात आणि रस्त्यावर मिलानची बोली, चारचौघांत फ्रेंच, आणि 'इटालियन' ही केवळ पुस्तकातली भाषा. १८१५ पासून पुढे मिलानवर राज्य ऑस्ट्रियाचे, म्हणजे सरकारात आणखी एक भाषा. इटली नावाचा देश नव्हताच. सात-आठ राज्ये होती आणि त्यांच्या शेकडो बोली. अशा माणसाने कादंबरी लिहायला घेतली. सतराव्या शतकातला लोंबार्दी प्रांत, स्पेनची सत्ता, लग्न ठरलेले दोन गरीब खेडूत, गावचा दुष्ट सरदार, दुष्काळ, प्लेगची साथ. 'ई प्रोमेस्सी स्पोझी' हे तिचे नाव. 'वाङ्‌निश्चय झालेली जोडी' असे म्हणता येईल. १८२७ साली ती छापून पूर्ण झाली आणि घरोघरी वाचली गेली. दुसरा कुणी असता तर तिथे थांबला असता. मान्झोनीला मात्र आपली भाषा खटकत होती. ती धड कुठलीच नव्हती. थोडी पुस्तकी, थोडी मिलानची, थोडी फ्रेंच वळणाची. मग तो सहकुटुंब फ्लॉरेन्सला गेला, तिथली सुशिक्षित माणसे खरोखर कशी बोलतात ते कान देऊन ऐकले, आणि पुढची कितीतरी वर्षे तीच कादंबरी वाक्यावाक्याने पुन्हा लिहून काढली. आपले कपडे आपण आर्नो नदीच्या पाण्यात धुतले, असे तो म्हणत असे. आर्नो म्हणजे फ्लॉरेन्सची नदी. सुधारलेली आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात निघाली. आज इटलीत शाळेत जाणारे प्रत्येक मूल ती वाचते, आणि आपल्याकडच्या मुलांप्रमाणेच पाठ्यपुस्तकात असल्यामुळे कंटाळतेही.

इथे मला आमच्या शाळेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे मूल पहिल्यांदा शाळेत येते ते "काय करूलालास?" असे विचारत. आम्ही त्याला 'काय करतो आहेस' शिकवतो. म्हणजे आम्हीही पोरांचे कपडे मुळा-मुठेच्या पाण्यात धुतो! धुतल्यावर कपडा स्वच्छ होतो खरा, पण थोडा आटतो, रंगही जातो. मान्झोनीलाही हे ऐकावे लागले. इटलीच्या एकीकरणानंतर, १८६८ मध्ये, सरकारने त्याच्याकडून भाषेच्या एकतेबद्दल अहवाल मागवला तेव्हा त्याने फ्लॉरेन्सची बोली सर्व देशाला शिकवावी असे सांगितले, आणि ग्राझिआदिओ आस्कोली या थोर भाषाशास्त्रज्ञाने त्याला पुढे कडाडून विरोध केला. आस्कोली स्वतः गोरित्सियाचा, म्हणजे इटालियन, स्लोव्हेन आणि जर्मन भाषांच्या सीमेवरचा माणूस. भाषा वरून लादून एक होत नाही, हे त्याला घरच्या अनुभवाने ठाऊक असणार. एकीकरणाच्या वेळी इटलीत शंभरापैकी अवघ्या अडीच माणसांना इटालियन नीट येत होते असा तुल्लिओ दे माउरो या अभ्यासकाचा अंदाज आहे. इतरांचा अंदाज याहून जास्त आहे, पण तोही दहाच्या वर फारसा जात नाही. मान्झोनीची कादंबरी त्या देशाला सरकारपेक्षा आधी मिळालेली भाषा होती.

व्हेर्दीने ती कादंबरी सोळाव्या वर्षाच्या सुमारास वाचली होती. या माणसाला तो संतासारखे मानी, आणि म्हणूनच बहुधा भेटायला धजत नसे. भेट झाली ती एकदाच, १८६८ च्या उन्हाळ्यात, तीही बायकोने आणि एका मैत्रिणीने घडवून आणली म्हणून. मान्झोनीच्या सरकारी इतमामाच्या अंत्ययात्रेला व्हेर्दी गेला नाही. गर्दी ओसरल्यावर, २ जूनला, एकटाच समाधीपाशी जाऊन आला. दुसऱ्या दिवशी रिकोर्दीला पत्र गेले: पहिल्या पुण्यतिथीसाठी मी रेक्विएम लिहितो. या वेळी समिती नाही, तेरा जण नाहीत. प्रयोगाचा खर्च मिलानच्या नगरपालिकेने करावा, छपाईचा आपण करू. नगरपालिकेने मान्य केले. बोलोन्यात उरलेला तो 'लिबेरा मे' आता कामी आला. एकासाठी लिहिलेले श्राद्ध दुसऱ्याच्या श्राद्धाचे बीज झाले.

यातली गंमत अशी की व्हेर्दी काही भाविक नव्हता. चर्चच्या पुरोहितांशी त्याचे पटत नसे, आणि त्याच्या श्रद्धेबद्दल त्याच्या बायकोलाही खात्री नव्हती. असा माणूस मृतांसाठी प्रार्थना लिहितो तेव्हा त्यात विश्वासापेक्षा भय आणि विनवणीच अधिक असणार. ऐकताना तेच जाणवते. आरंभ इतका हळू की पहिल्या काही क्षणांत सुरू झाले की नाही तेच कळत नाही. मग 'दिएस इरे', म्हणजे कोपाचा दिवस. मोठ्या ढोलावर ठोके पडतात, तेही जिथे अपेक्षा असते तिथे नव्हे, मधल्या रिकाम्या जागी. ढोलाच्या दोऱ्या घट्ट ताणाव्यात, म्हणजे आवाज कोरडा आणि जोरकस येईल, अशी सूचना व्हेर्दीने लिहून ठेवली आहे. आपल्या पखवाजी मंडळींना हा तपशील आवडावा. मग रणशिंगांचा पुकार येतो, चार समोर आणि चार कुठेतरी नजरेआड, दुरून एकमेकांना उत्तर देत. आणि मध्येच एका ठिकाणी सारे वाद्यवृंद गप्प होऊन दोन स्त्रिया साथीशिवाय एकच चाल खालच्या-वरच्या सप्तकात गातात, अगदी ओवीसारखी साधी. मी हे सर्व ध्वनिमुद्रणावर ऐकले आहे, प्रत्यक्ष नव्हे. माझा विद्यार्थी म्हणतो, "सर, तो ढोल छातीत वाजतो. मोबाइलवर नाही कळत."

२२ मे १८७४. मिलानचे सान मार्को चर्च. ते व्हेर्दीने आवाज कसा घुमतो हे पाहून निवडले होते. सुमारे १२० गाणारे, सुमारे १०० वाजवणारे, संचालक स्वतः व्हेर्दी. एकल गायकांत तेरेझा स्टोल्झ आणि मारिया वाल्डमान या दोन स्त्रिया. चर्चमध्ये स्त्रियांनी गाणे त्या काळी चालत नसे. त्यासाठी खास परवानगी काढावी लागली, आणि स्त्रियांनी अंगभर काळे कपडे घालून, बुरखा घेऊन गावे असे ठरले. चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत हा नियमच. मिलानचे रसिक, म्हणजे नाट्यगृहात गायकाला डोक्यावर घेणारे नाहीतर धुडकावून लावणारे, त्या दिवशी तासभराहून अधिक वेळ हात मांडीवर ठेवून बसले.

आणि तीनच दिवसांनी, २५ मे रोजी, तोच रेक्विएम, तेच गायक, तोच संचालक, पण जागा ला स्काला नाट्यगृह! टाळ्यांचा कडकडाट, काही भाग पुन्हा गावे लागले. श्राद्धाला 'वन्स मोअर' म्हणावे काय, हा प्रश्न त्या मिलानकरांना पडला नसावा. पुढे पॅरिस, लंडन, व्हिएन्ना येथे व्हेर्दीने स्वतः त्याचे प्रयोग केले आणि ते गाजले. हान्स फॉन ब्यूलोव या नामांकित जर्मन संगीतज्ञाने न ऐकताच, नुसती स्वरलिपी चाळून, हा तर चर्चचे कपडे घातलेला ऑपेरा आहे असा शेरा छापला. ब्राम्सने ती स्वरलिपी पाहिली आणि ब्यूलोवने स्वतःचे हसे करून घेतले आहे, हे काम प्रतिभावंताचेच, असा निर्वाळा दिला. ब्यूलोवने अठरा वर्षांनी, १८९२ मध्ये, व्हेर्दीला पत्र लिहून माफी मागितली. टीकाकाराने लेखी माफी मागितल्याचे उदाहरण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात मला तरी आढळलेले नाही.

मला तो शेरा अगदीच चुकीचा वाटत नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे. हा रेक्विएम नाट्यपूर्ण आहेच. पण मृत्यूसमोर माणूस घाबरतो, गयावया करतो, ओरडतो, हे नाट्य नव्हे तर काय? आपल्याकडच्या संगीत नाटकांतील पदे देवळात गाइली गेली आणि अभंग नाट्यगृहात रंगले, तेव्हा कुणाचे काय बिघडले?

पुढची गोष्ट सत्तर वर्षांनंतरची. प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर टेरेझीन नावाचे किल्लेवजा गाव आहे. सम्राट दुसऱ्या योसेफने अठराव्या शतकात ते बांधले आणि आपली आई मारिया थेरेसा हिचे नाव दिले. जर्मन त्याला थेरेझिएनश्टाट म्हणतात. १९४१ च्या नोव्हेंबरपासून नाझींनी तेथे ज्यूंना कोंडायला सुरुवात केली. एकंदर सुमारे १,४०,००० माणसे तेथे आणली गेली. सुमारे ३३,००० तिथेच भुकेने आणि रोगांनी मेली. सुमारे ८८,००० पुढे आऊश्विट्झ आणि इतर छळछावण्यांकडे पाठवली गेली आणि त्यांच्यातली फारच थोडी परत आली.

या कोंडलेल्यांत राफाएल शेख्टर हा ३६ वर्षांचा पियानोवादक आणि वृंदसंचालक होता. तो तिथे आला तो अगदी पहिल्या तुकड्यांबरोबर. दिवसभर वेठबिगार, रात्री तळघरात तालीम. आधी त्याने स्मेतानाचा चेक भाषेतील ऑपेरा बसवला. १९४३ मध्ये त्याने ठरवले, आता व्हेर्दीचा रेक्विएम. वाद्यवृंद नाही, एक पियानो. छापील प्रती नाहीत. म्हणून सुमारे दीडशे माणसांनी अवघड लॅटिन शब्द आणि चारही वाटांचे स्वर ऐकून ऐकून तोंडपाठ केले. आपल्याकडे वेद असेच जपले गेले, पण वेदपाठकांच्या पोटात निदान काही असे!

छावणीतल्या ज्यू वडीलधाऱ्यांना हे पटले नव्हते. ज्यूंनी कॅथलिकांची प्रार्थना का गावी? आपल्या परंपरेत गाण्यासारखे काही नाही का? हा आक्षेप हलका नाही. वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या धर्माच्या राज्यात आपले ते धरून राहावे लागते हे जाणणाऱ्याला तो समजेल. शेख्टर मात्र हटला नाही. त्या लॅटिन शब्दांत न्यायाधीश येतो, लपवलेले सारे उघडे पडते, कुणीही शिक्षेवाचून सुटत नाही. जे नाझींच्या तोंडावर बोलता येत नाही ते आपण त्यांना गाऊन सांगू, असा त्याचा विचार असल्याचे त्या वृंदातून जिवंत राहिलेल्यांनी पुढे सांगितले आहे. इथे परकी प्रार्थना आपली करून घेतली गेली. मान्झोनीने दुसऱ्या गावची भाषा आपली करून घेतली, त्याहून हे फार अवघड होते.

पहिला प्रयोग १९४३ च्या शरद ऋतूत झाला. त्या सप्टेंबरातच पाच हजार माणसे आऊश्विट्झला नेली गेली आणि वृंदाचा मोठा भाग नाहीसा झाला. शेख्टरने नवी माणसे गोळा केली आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवले. पुन्हा गाडी, पुन्हा नवी माणसे. असे सोळाच्या आसपास प्रयोग झाले. १९४४ च्या जूनमध्ये रेडक्रॉसचे पाहुणे छावणी पाहायला येणार म्हणून घरांच्या दर्शनी भिंती रंगवल्या गेल्या, फुलझाडे लावली गेली, आणि गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यात साडेसात हजार माणसे आऊश्विट्झला धाडली गेली. पाहुणे आले, मुलांचा ऑपेरा पाहून गेले. त्याच उन्हाळ्यापर्यंत रेक्विएमचे प्रयोग चालले. १६ ऑक्टोबर १९४४ च्या गाडीत शेख्टर स्वतः होता. पुढच्या वर्षी, युद्ध संपता संपता, तो वाटेतच मेला.

टेरेझीन एका लहान नदीकाठी आहे. ती थोड्याच अंतरावर मोठ्या नदीला मिळते. चेक लोक त्या मोठ्या नदीला लाबे म्हणतात. तीच नदी सीमा ओलांडून जर्मनीत शिरते तेव्हा तिचे नाव एल्बे होते. आपली म्हादई गोव्यात जाऊन मांडवी होते तसेच. आणि एल्बेच्या काठी पहिले मोठे शहर लागते ते ड्रेस्डेन.

१३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी दोन लाटांत ड्रेस्डेनवर बाँब टाकले, पुढचे दोन दिवस अमेरिकन विमानांनी. शहराचा मध्यभाग जळून गेला. प्रसिद्ध ऑपेरागृह गेले, फ्राउएनकिर्खे हे घुमटाचे चर्च दोन दिवसांनी कोसळले. क्रॉइझ चर्चच्या मुलांच्या वृंदातली अकरा मुले मेली. त्या मुलांचे गुरू रुडॉल्फ माउअर्सबर्गर यांनी काही आठवड्यांनी, बायबलातील उद्ध्वस्त नगरीच्या विलापाचे शब्द घेऊन एक शोकगीत रचले आणि ४ ऑगस्ट १९४५ रोजी उरलेल्या मुलांकडून त्याच चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंतींत गाऊन घेतले.

मृतांचा आकडा किती? गोबेल्सच्या प्रचारखात्याने दोन लाख म्हणून जगभर सांगितले. ड्रेस्डेन महापालिकेने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने पाच-सहा वर्षे कागदपत्रे, दफनभूमीच्या नोंदी तपासून २०१० मध्ये आकडा दिला तो जास्तीत जास्त २५,००० असा. पंचवीस हजार माणसे काही थोडी नव्हेत. पण दोन लाखांचा आकडा ज्यांना हवा होता त्यांना तो मृतांच्या दुःखापायी हवा नव्हता. पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारने हा दिवस अमेरिकेला शिव्या देण्यासाठी वापरला. २००० नंतरच्या दशकात नवनाझी दर १३ फेब्रुवारीला हजारोंनी मोर्चे काढू लागले. त्यांना अडवण्यासाठी २०१० पासून नागरिकांनी हातात हात घालून शहराभोवती साखळी धरायला सुरुवात केली. आणि कुणी कुणी आठवण करून देत राहिले की याच शहरात १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंचे प्रार्थनामंदिर जाळले गेले होते, आणि इथले ज्यू नदीच्या वरच्या अंगाला टेरेझीनला धाडले गेले होते. व्हिक्टर क्लेम्पेरर या ज्यू प्राध्यापकाच्या रोजनिशीत आहे की १३ फेब्रुवारीच्या दिवशी तो शहरात उरलेल्या थोड्या ज्यूंना 'हजर व्हा' अशा नोटिसा वाटत फिरत होता. त्या रात्री बाँब पडले, त्याने कोटावरचा पिवळा तारा काढून टाकला आणि गोंधळात निसटून तो वाचला. पुढे त्याने नाझींनी जर्मन भाषा कशी नासवली यावर पुस्तक लिहिले. ते १९४७ मध्ये निघाले.

अशा शहरात १९५१ साली, सहाव्या स्मृतिदिनी, स्टाट्सकापेले या तेथील वाद्यवृंदाने रुडॉल्फ केम्पे यांच्या संचालनाखाली एक रेक्विएम गाइला. रचना व्हेर्दीची. तेव्हापासून दरवर्षी फेब्रुवारीत स्मृतिमैफल होते. कधी व्हेर्दी, कधी मोझार्ट, कधी ब्राम्स. टाळ्या नाहीत. भाषण नाही. उभे राहायचे आणि जायचे. ऑपेरागृह पुन्हा उभे राहिले तेही १३ फेब्रुवारीलाच, १९८५ साली, बरोबर चाळीस वर्षांनी.

स्मृतिमैफल आपल्याला नवी नाही. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी पुण्यात १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव सर्वांना ठाऊक आहे. कुंदगोळचा गुरू, गदगचा शिष्य, आणि श्रोते मराठी. त्यात कुणाला काही विशेष वाटले नाही. पण आपली स्मृतिमैफल रंगते, दाद घेते, आणि गुरूलाही ती दाद पोचते अशी आपली समजूत. ते ला स्कालाच्या बाजूचे झाले. सान मार्कोची बाजू आपल्याकडे असते ती सभेच्या आरंभी दोन मिनिटे उभे राहण्यात. १७ जानेवारीला हुतात्म्यांसाठी मी कितीतरी वर्षे मुलांसह असा उभा राहिलो आहे. दोन मिनिटे पुरी व्हायच्या आत कुणीतरी घोषणा देतो, मग दुसरा देतो, आणि १९५६ मध्ये गोळी लागून पडलेली माणसे त्या आवाजात पुन्हा दिसेनाशी होतात. घोषणा देऊ नयेत असे मी म्हणत नाही. मी स्वतः दिल्या आहेत.

हे सर्व वाचून झाल्यावर मी त्या विद्यार्थ्याला उलट फोन लावला आणि जवळजवळ तासभर बोललो. वर्गात कधी इतका वेळ तो शांत बसला नव्हता. मिलानचे, टेरेझीनचे सांगून झाले. शेवट कसा होतो हे मी त्याला विचारले, कारण ध्वनिमुद्रणावर मला तो नीट ऐकूच येत नाही. तो म्हणाला, "एक बाई एकाच सुरावर, गाणे नव्हेच, बोलल्यासारखे काहीतरी म्हणतात. मागे सगळे पुटपुटतात. मग तेही थांबते. संचालकाचा हात वरच राहतो."

"किती वेळ उभे होता तुम्ही?" मी विचारले.

"घड्याळ बघितले नाही, सर," तो म्हणाला. "त्या बाईंनी माझा हात सोडला तेव्हा लोक निघाले होते."